बाबा, मी बी.ई. होणार नाही; पण पदवी घेतोय

चाकण,
रविवार, रात्र

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं. एकदा फोन स्पीकरवर होता आणि शेजारचे काका येऊन बसलेले. दुसऱ्यांदा आईने "जेवलास का?" विचारलं आणि माझा धीर सुटला. म्हणून लिहायला बसलोय. आईचा चष्मा अजून बदललेला नाही, तेव्हा बाबा, तुम्हीच मोठ्याने वाचा. आणि एका दमात शेवटपर्यंत वाचा, मध्ये थांबू नका.

जे सांगायला जड जातंय तेच आधी सांगतो. गेल्या वर्षी तुम्ही एफडी मोडून पाठवलेले ३५,००० रुपये गेले. त्या पैशांवर माझं बी.टेक. चालू आहे असं तुम्ही धरून चालला आहात. ते कधी सुरूच झालं नाही. गेले आठ महिने "अभ्यास कसा चाललाय" विचारलंत की मी "चाललाय" म्हणत आलो. तुमच्याशी मी इतकं खोटं आयुष्यात बोललो नव्हतो.

झालं ते असं. पुण्यात एका मोबाइलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर प्रवेश मिळवून देणाऱ्या एका एजंटचं ऑफिस होतं. भिंतीवर पाच-सहा विद्यापीठांची नावं, काचेच्या टेबलामागे टाय लावलेला तरुण. "डिप्लोमा आहे ना, मग थेट दुसऱ्या वर्षाला. सगळं ऑनलाइन. दीड वर्षात बी.टेक. हातात. परीक्षेचं टेन्शन घेऊ नका, आम्ही बघतो." शेवटचं वाक्य ऐकून मी उठायला हवं होतं. पण दोनच दिवस आधी प्रमोशनच्या यादीत माझं नाव नव्हतं, आणि ज्याला मी गेज धरायला शिकवलं तो डिग्रीवाला माझा साहेब झाला होता. नऊ वर्षं कंपनीच्या क्वालिटी विभागात मापं तपासण्यात काढली आणि डिप्लोमापाशी येऊन अडलो, हे मनाला फार लागलं होतं. शिवाय तुमची इच्छा मला ठाऊक होती. डेपोतून आलात की हाताचं ऑइल घासता घासता म्हणायचात, "आपल्या दारावर इंजिनिअर अशी पाटी लागली पाहिजे." मी पैसे भरले. पावती मिळाली, तिच्यावर शिक्का त्या ऑफिसचा. विद्यापीठाचं नाव कुठेच नव्हतं.

माझे डोळे उघडले आमच्या एचआरमधल्या मॅडमनी. कंपनी शिक्षणासाठी थोडी मदत करते म्हणून मी ती पावती त्यांच्याकडे नेली. त्यांनी एकच विचारलं, "हे यूजीसीच्या डीईबीच्या यादीत बघितलंत का?" यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, आणि डीईबी म्हणजे त्यांचा डिस्टन्स एज्युकेशन ब्यूरो, दूरशिक्षणाचं खातं. कुठल्या विद्यापीठाला दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन कुठला अभ्यासक्रम चालवायची मान्यता आहे, ते त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतं. विद्यापीठाचं नाव यादीत असणं पुरेसं नाही, आपला अभ्यासक्रम आणि आपलं वर्षही तिथे असावं लागतं. मी त्या रात्री मोबाइलवर बघत बसलो. बी.टेक. कुठेच सापडेना, कारण अभियांत्रिकीची पदवी ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने द्यायला परवानगीच नाही. वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, यांचंही तसंच.

मग आणखी वाचत गेलो. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय परिषदेची, परीक्षा द्यायला सांगितलं. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या तर रद्दच झाल्या. बाबा, ती माणसं माझ्यासारखीच असणार. नोकरी सांभाळून शिकलेली, पदवीच्या जोरावर बढती घेतलेली. दहा-बारा वर्षांनी एक दिवस पेपरात वाचायचं की आपली पदवी पदवीच नाही! ते वाचताना माझ्या पोटात गोळा आला. तेव्हा कळलं की ३५,००० गेले हे कमीच गेले.

पैसे परत मागायला तीनदा गेलो. तिसऱ्यांदा दाराला कुलूप. पोलीस चौकीत अर्ज दिलाय, पोच जपून ठेवली आहे. पैसे परत येतील अशी आशा मी धरलेली नाही, तुम्हीही धरू नका.

आता पुढचं. हे लिहिताना हात हलका होतोय.

मला पदवी हवीच होती, पण या खेपेला घाई केली नाही. चार महिने फक्त शोधण्यात घालवले. नोकरी करणाऱ्यांना रीतसर बी.ई. करायची एक सोय आता आहे. एआयसीटीईने २०२३-२४ पासून काही कॉलेजांना नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग चालवायची परवानगी दिली आहे. तो रस्ता खरा आहे. पण तिथे वर्गात हजर राहावं लागतं आणि माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. दुसऱ्या शिफ्टचा माणूस संध्याकाळी वर्गात कसा बसणार? सुपरवायझरला विचारून पाहिलं, जमण्यासारखं नव्हतं.

नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचाही विचार केला. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीद तुम्हाला आठवत असेल. तुमच्याच डेपोतले दोन कंडक्टर तिथून बी.ए. झाले, आणि तुम्ही त्यांना पेढे भरवले होते. १९८९ पासून ते विद्यापीठ आपल्यासारख्यांसाठीच उभं आहे. इग्नू, म्हणजे दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, तेही पाहिलं. आई, तुझ्या भावाला वाटतं की घरी बसून घेतलेल्या पदवीला सरकारी नोकरीत कोणी विचारत नाही. त्याला सांग, यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यता असलेल्या दूरशिक्षणाच्या आणि ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदवीच्या बरोबरीच्या धरायच्या. मान्यता असलेल्या, हे मात्र त्याला दोनदा सांग. त्याच्या पोराला कोणी एजंट भेटला तर एवढं बघ म्हणावं की प्रवेश विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून होतोय का आणि फी विद्यापीठाच्याच खात्यात जातेय का. फ्रँचायझी देऊन असे अभ्यासक्रम चालवायला बंदी आहे. शिवाय २०२४ पासून प्रवेश घेणाऱ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. जो म्हणेल त्याची गरज नाही, त्याच्या दारातून माघारी फिरायचं.

शेवटी मी निवडली आयआयटी मद्रासची बी.एस. पदवी, डेटा सायन्सची, म्हणजे आकडेवारीतून अर्थ काढायच्या शास्त्राची. होय बाबा, तीच आयआयटी. हा अभ्यासक्रम २०२० साली जाहीर झाला. जेईई लागत नाही, आणि डिप्लोमावाल्यालाही दार उघडं आहे. डीईबीच्या यादीत हे नाव दिसेना तेव्हा मी घाबरलो होतो. एकदा दुधाने तोंड भाजलं होतं ना, आता ताकही फुंकून पीत होतो. मग कळलं की आयआयटी यूजीसीच्या अखत्यारीत येतच नाहीत, त्यांना पदवी द्यायचा अधिकार संसदेच्या १९६१ च्या कायद्याने आहे. हे स्वतः वाचून खात्री केली तेव्हाच अर्ज भरला.

ही बी.टेक. नाही, हे तुम्हाला आताच सांगतो. चार चौघांत "आमचा दादा आयआयटीत इंजिनिअरिंगला आहे" असं सांगू नका. दारावर 'इंजिनिअर' लागणार नाही. तुमच्या मनातली एक गोष्ट मी पुरी करू शकत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण हीच का, ते तुमच्याच भाषेत सांगतो. आमच्या लाइनवर दर तासाला मी पाच पीस उचलतो, एअर गेजवर बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप घेतो, पाचांची सरासरी आणि सर्वांत मोठ्या-लहान मापातला फरक चार्टवर मांडतो. वरची-खालची मर्यादा काढायला फरकाच्या सरासरीला ०.५७७ ने गुणायचं असतं. नऊ वर्षं गुणत आलो. हे ०.५७७ आलं कुठून, हे मी कधी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. फॉर्मवर छापलेलं होतं, बस. प्रवेशाच्या तयारीत सांख्यिकीचे धडे ऐकले, प्रमाण विचलन, म्हणजे मापं सरासरीपासून किती पसरतात ते, नीट समजलं, आणि एका रात्री वही घेऊन बसलो. मर्यादा तीन प्रमाण विचलनांवर असते, म्हणून तीन; त्याला २.३२६ ने, म्हणजे पाच पिसांच्या फरकावरून प्रमाण विचलन काढायच्या आकड्याने, भागायचं, मग पाचच्या वर्गमुळाने भागायचं. उत्तर ०.५७७. पाच, कारण मी पाच पीस उचलतो! रात्रीचा एक वाजला होता, आणि मी तुमच्या सुनेला उठवून ते दाखवलं.

तुम्ही गाडी डेपोत शिरतानाच म्हणायचात, "गिअरबॉक्स बोलायला लागलाय, आठवडाभरात बसेल." गाडी तर तेव्हा चालत असायची. तो चार्टही हेच करतो. पीस अजून मापात असतो, पण ठिपके एका बाजूला सरकायला लागतात. तुम्ही कानाने ओळखायचात, मला ते आकड्यांत ओळखायला शिकायचंय. रोज जे काम करतो तेच मुळापासून कळणार असेल, तर त्याहून चांगलं शिक्षण माझ्यासाठी दुसरं कुठलं?

प्रवेश कसा मिळतो तेही ऐका, म्हणजे परत फसलो की काय ही धास्ती जाईल. आधी चार आठवडे शिकवतात. गणित, सांख्यिकी, संगणकाच्या पद्धतीने विचार करणं आणि इंग्रजी. दर आठवड्याला स्वाध्याय, वेळेत दिला नाही तर गेला. त्यात पुरेसे गुण पडले तरच परीक्षेला बसू देतात, आणि ती परीक्षा चार तासांची, केंद्रावर जाऊन. मोबाइल बाहेर ठेवला, ओळखपत्र तपासलं, आणि शेजारी मिसरूडही न फुटलेली पोरं. गणिताने घाम फोडला. पण मी पास झालो, आई. स्वतःच्या जोरावर. "परीक्षेचं आम्ही बघतो" म्हणणारं इथे कोणी नाही, आणि म्हणूनच माझा या पदवीवर विश्वास बसला.

फी एकदम भरायची नाही. ज्या सत्राला जेवढे विषय घेतले तेवढ्याचीच. मी एका वेळी एक किंवा दोनच घेणार, त्यामुळे वर्षं जास्त लागतील. आणि समजा मध्येच काही अडचण आली, तरी पहिल्या टप्प्याचं प्रमाणपत्र, मग डिप्लोमा, मग बी.एस्सी., असं कुठेही थांबता येतं. केलेलं वाया जात नाही. तुमच्या एफडीला आता हात लावायचा नाही. हे पैसे माझ्या पगारातून जातील.

आई, तुझं काय म्हणणं असेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. झोप, डोळे, पोरीकडे लक्ष. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता दीड तास मिळतो, त्यात व्हिडिओ बघून होतात. पहिली शिफ्ट असेल तर संध्याकाळी दोन तास, रात्रपाळीच्या आठवड्यात अभ्यास कमी. हे मी आणि तुझ्या सुनेने कॅलेंडरवर बसून ठरवलंय. तुझी नात शेजारी तिची पाढ्यांची वही घेऊन बसते. परवा तिने विचारलं, "बाबा, तुम्हालापण गृहपाठ असतो?" तेव्हा तू आठवलीस. मी सोलापूरला पॉलिटेक्निकला होतो तेव्हा तू रात्री साड्यांना फॉल लावत बसायचीस आणि दर महिन्याला माझे मेसचे पैसे वेळेवर यायचे. एकदाही उशीर झाला नाही. हे मी विसरलेलो नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सोसावी लागेल. दर सत्रात दोन चाचण्या आणि एक शेवटची परीक्षा केंद्रावर असते, आणि ती रविवारी. त्या रविवारांना बार्शीला येणं होणार नाही. तारखा कळल्या की फोन करतो, त्या तेवढ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. म्हणजे उगाच वाट बघत बसणार नाही.

बाबा, पुढच्या एक तारखेपासून दर महिन्याला ३,००० रुपये तुमच्या खात्यात जमा होतील. वर्षभरात ते ३५,००० भरून निघतील. तुम्ही नको म्हणाल, पण घ्या. मला रात्री झोप लागत नाही, ती लागू द्या. रागावायचं असेल तर रागवा, मी फोन उचलेन.

आणि एक काम आहे. लोखंडी ट्रंकेत, आईच्या लग्नाच्या शालूखाली, हिरवी फाइल आहे. त्यात माझी दहावीची मूळ गुणपत्रिका आणि डिप्लोमाची सगळी कागदपत्रं आहेत. कागदपत्रांची तपासणी व्हायची आहे. मोबाइलने फोटो काढू नका, सावली पडते. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घ्या आणि त्यालाच मला पाठवायला सांगा. मूळ कागद तिथे विसरू नका, घरी आणून परत त्याच फाइलीत ठेवा. हे काम शुक्रवारच्या आत झालं तर बरं.

आईला चष्म्याचा नंबर काढायला याच आठवड्यात घेऊन जा.

तुमचा,
दादा