बाबू, शुक्रवारचं तेवढं बघ

चि. बाबू, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर चिडलास, आप्पा रोज तेच काय विचारता म्हणालास आणि ठेवून दिलास. बरोबर हाय तुझं, रात्रपाळी करून दिवसा दवाखान्यात बसतोस, वर माझा त्रास. म्हणून म्हटलं फोन नको, लिहूया, आणि डोळ्याचं काही काढायचं नाही असं ठरवूनच बसलोय. इकडे पाऊस लई, खानापूरकडचा रस्ता परवा बंद होता, रताळ्याचा वेल मात्र छान धरलाय. आक्का कुंची शिवून बसल्यात, बारसं कधी म्हणून रोज विचारतात. आईनं सूनबाईसाठी डिंकाचे लाडू केलेत, पाठवतो.

शुक्रवारी बाळाला २८ दिवस होतात, डोळे तपासायचा दिवस. काढलोच बघ विषय.

वजन १७०० झालं की सोडणार आणि तुम्ही लगेच चंदगडला, तिच्या माहेरी. जावा की, कोण नको म्हणतंय. पण ३० आठवड्यांचं, १३५० ग्रॅमचं पोर आपलं, त्याच्या डोळ्याचा पडदा आधी बघू दे. तिकडे गेल्यावर बघू म्हणू नको, तिकडे ते बघणारं कोण हाय?

मास्तरकी चाललीय वाटेल, पण ऐक. पोटात असताना चौथ्या महिन्यात पडद्यावर रक्तवाहिन्या उगवायला लागतात, मधे डोळ्याची नस असते तिथनं, आणि कडेकडे सरकत जातात. नाकाकडची बाजू ३६ आठवड्यांना पुरी होते, कानाकडची ४० च्या आसपास. पडदा वाढतो, त्याला ऑक्सिजन कमी पडतो, मग पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात, म्हणजे इकडे रक्त पाठवा अशी हाकच की. टोकाची पेशी ती हाक ऐकून बारीक तंतू काढत पुढं जाते आणि शेजारणीला नॉच नावाच्या निरोपानं सांगते, तू मागं राहा, नळी हो, सगळ्यांनी पुढं पळायचं नाही. वेलाचा शेंडा कसा वाट काढत जातो तसं.

आता आपलं बाळ दहा आठवडे आधी आलं. पोटातल्यापेक्षा बाहेर ऑक्सिजन जास्त, त्यात नळीतनं दिलेला वेगळा, मग ती हाकच बंद पडते आणि वाहिन्या अर्ध्या वाटेत थांबतात. पुढं काही आठवड्यांनी तो रिकामा राहिलेला पडदा उपाशी पडतो आणि एकदम मोठ्यानं ओरडायला लागतो, मग नको तिथं, नको तेवढ्या कच्च्या वाहिन्या उगवतात, पडदा ओढून सुटायची भीती. ऑक्सिजन दिला म्हणून डॉक्टरांना बोल लावू नको, त्यावरच पोर जगलं. पण हे वरनं कळत नाही रे. पोर दूध पिईल, अंग धरेल, डोळे टपोरे दिसतील, आणि आत काय चाललंय ते कळायचं नाही.

वेळेत सापडलं तर लेसरनं तो रिकामा भाग जाळून ओरडा बंद करतात, नाहीतर ती हाक अडवणारं इंजेक्शन देतात. माझ्या डोळ्यात साखरेमुळं पाच झाली ना, त्याच जातीचं. माझ्या बारीक वाहिन्या म्हातारपणी बिघडल्या, त्याच्या अजून पोचल्याच नाहीत, पण दोघांचा पडदा हाक तीच मारतोय. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं तेव्हापासून मला झोप नाही. हे प्रथिन १९८९ ला वेगळं काढलं, पेशीला ऑक्सिजन कमी पडल्याचं कळतं कसं त्याला २०१९ चं नोबेल मिळालं, मी शाळेत शिकवत होतो तेव्हा आमच्या पुस्तकात यातलं काहीच नव्हतं.

तू १९९१ ला सातव्या महिन्यात आलास तेव्हा आईनं कापसात गुंडाळून चुलीपाशी धरून महिना काढला, लाईट नाही, पाऊस असाच. जगलास यातच आम्ही खूश, डोळे कुणी बघितलेच नाहीत. तिसरीत फळ्यावरचं दिसेना तर मीच तुला वर्गात उभा केलो, लक्ष नाही म्हणून. बाप मास्तर असून कळलं नाही. चष्मा लागल्यावर तू घराच्या दारातनं आंब्याची पानं बघून म्हणालास, आप्पा पानं सुटी सुटी असतात. ते मी विसरलेलो नाही. आज तू एवढा इंजिनिअर, गावात सगळ्यांना सांगत फिरतो मी, तरी ते विसरत नाही.

परत लांबलं, राग मानू नको. एवढंच कर. शुक्रवारी डोळ्यात थेंब घालून बघतील, पोर लई रडेल, सूनबाईला बाहेर बसव. आणि एकदा बरं आहे म्हणाले तरी संपलं नाही, वाहिन्या कडेपर्यंत पोचेतो आठवड्या-दोन आठवड्यांनी परत बोलावतात, उपचार लागला तर दोन-तीन दिवसांत करावा लागतो. चंदगडला गेलात तरी बेळगाव जवळ हाय, तारखेला मी बस धरून येतो, तुझी रजा जायला नको. पैशाचं बघू नको, आरडी मोडतो.

एक सांगायचं राहिलं. माझं गेल्या महिन्यातलं इंजेक्शन चुकलंय, बाळाच्या गडबडीत गेलोच नाही, आईला अजून बोललो नाही. मी बुधवारी जाऊन घेऊन येतो. तू शुक्रवारी जा, आणि झालं की लगेच फोन कर, रात्री कितीही वाजू देत.

तुझे आप्पा