घरात बंदूक आहे का?

सॅन अँटोनियो, टेक्सास

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "तिकडे सगळेच बंदूक ठेवतात, तर जावईबापूंनीही एखादी घेऊन ठेवावी." आई शेजारीच बसली होती म्हणून मी विषय बदलला. आता सविस्तर लिहिते.

आधी कायदा. मनीषसारख्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाला इथे बंदूक बाळगायला बंदी आहे. पण शिकारीचा परवाना काढला की ही बंदी उठते, आणि तो परवाना खेळाच्या सामानाच्या दुकानातसुद्धा मिळतो! तेव्हा घ्यायचीच म्हटलं तर अडचण नाही.

आपल्या ठासणीच्या बंदुकीच्या परवान्यासाठी तुम्ही किती हेलपाटे घातलेत! सातबारा, पोलिसांची चौकशी, कलेक्टर कचेरी. वर दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि आचारसंहिता उठली की परत आणायची. हे मी आमच्या शेजारच्या आजोबांना सांगितलं तर ते अवाक झाले. निवडणूक आली म्हणून सरकार बंदूक काढून घेतं? त्यांच्या मते माणसानं बंदूक ठेवायची ती नेमकी अशाच सरकारसाठी.

त्यांचं म्हणणं पोरकट नाही. 1791 साली इथल्या घटनेत दुसरी दुरुस्ती झाली, तिच्यात शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे. तो नागरी सैन्यापुरता की प्रत्येक माणसाचा, यावर दोन शतकं वाद चालला. 2008 साली सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. 2022 मध्ये तो घराबाहेरही लागू केला. म्हणजे आपल्याकडे बंदूक का हवी ते आपण सरकारला पटवायचं, इथे का नको ते सरकारनं पटवायचं. टेक्सासनं तर 2021 पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल जवळ बाळगायला परवान्याची अटच ठेवलेली नाही. ज्यांना आपल्या जागेत बंदूक नको असेल ते दारावर कायद्यातल्या कलमाचा आकडा घालून इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये पाटी लावतात. भाजी आणायला गेले तरी माझी नजर आधी दाराच्या काचेवर जाते.

आजोबा लष्करातून निवृत्त झालेले. त्यांच्या भावाच्या रानावर रानडुकरांचा सुळसुळाट आहे, ऐकताना मला आपल्या वायंगणी भातशेतीचीच आठवण झाली. फरक एवढाच की इथे जमीनमालकाची परवानगी असेल तर डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही, आणि हेलिकॉप्टरमधून मारलेलंही कायद्याला चालतं. (हे तुम्ही वाडीत सांगाल आणि कोणी विश्वास ठेवणार नाही.) पोलीस यायला तास लागेल अशा त्या ओसाड रानात बंदूक ठेवू नका, असं मी कुठल्या तोंडानं सांगू?

आमचा वाद होतो तो सदरलँड स्प्रिंग्जवरून. इथून जवळच हे खेडं आहे. 2017 च्या नोव्हेंबरात तिथल्या चर्चमध्ये एकानं गोळ्या झाडून 26 जणांचे जीव घेतले. समोरच्या वस्तीतला एक माणूस अनवाणी धावत आला आणि त्यानं आपल्या रायफलीनं मारेकऱ्यावर गोळ्या झाडल्या. आजोबा गोष्ट इथे थांबवतात. मी पुढची सांगते: मारेकऱ्याला हवाई दलात असताना बायको-मुलाला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झाली होती. ती नोंद हवाई दलानं पुढे कळवली असती तर बंदूक विकण्याआधी दुकानदार करतो त्या तपासणीत तो अडकला असता. आजोबा म्हणतात, म्हणजे कायदा होताच, तो पाळला नाही. यावर मला अजून चोख उत्तर सुचलेलं नाही.

पण टेक्सासमधल्याच उवाल्डे गावाबद्दल तेही गप्प होतात. 2022 च्या मे महिन्यात तिथल्या प्राथमिक शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. मारणारा नुकताच अठरा वर्षांचा झालेला, रायफली कायदेशीरपणे विकत घेतलेल्या. शस्त्रधारी पोलीस तर पावणेचारशे जमले, आणि वर्गात शिरायला 77 मिनिटं लागली. "चांगल्या माणसाच्या हातात बंदूक हवी" हा युक्तिवाद मला तेव्हापासून ऐकवत नाही. पुढच्या वर्षी अशा रायफलींसाठी वय एकवीस करण्याचं विधेयक टेक्सासच्या विधिमंडळात समितीनं मंजूर केलं, पण सभागृहापुढे ते आलंच नाही.

तरी बाबा, आमच्या नकाराचं कारण उवाल्डे नाही. तुमच्या टीव्हीवर शाळा आणि मॉल दिसतात, पण 2021 मध्ये या देशात बंदुकीनं 48 हजारांवर माणसं गेली, त्यांतल्या 26 हजारांवर आत्महत्या होत्या. मागच्या हिवाळ्यात मनीषच्या ऑफिसात कपात चालू होती. नोकरी गेली की व्हिसाही जातो. तो रात्र-रात्र जागा असायचा, जेवण तुटलं होतं. आता बरा आहे, काळजी करू नका. पण तेव्हा बंदूक कपाटात असती तर काय, हे माझ्याआधी त्यानंच बोलून दाखवलं. आईसमोर मला हे बोलता आलं नसतं.

ईशान दुसरीत आहे. कोणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर म्हणून दिवे घालवून, दार लावून, कोपऱ्यात चिडीचूप बसायचा सराव शाळा करून घेते, ते मी अडवू शकत नाही. एवढं मात्र करते, की त्याला कुणाकडे खेळायला पाठवण्याआधी विचारते: घरात बंदूक आहे का? असली तर कुलपात आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवता का? इथले बालरोगतज्ज्ञही विचारायला सांगतात. आजोबांना राग येईल वाटलं होतं, तर त्यांनी उलट आत नेऊन तिजोरी दाखवली. राग आला तो एका मराठी घरी. "अगं, आपल्यात कुठे असतं असलं!" घरातली बाई म्हणाली, आणि संध्याकाळी तिचा फोन: नवऱ्यानं घेतलीय, पलंगाशेजारच्या खणात असते. तिलाच माहीत नव्हतं.

मे महिन्यात आम्ही येतोय. माजघरातल्या खुंटीवरची बंदूक आम्ही येण्याआधी खाली उतरवून लोखंडी कपाटात घाला. बंदुकीची दारू आणि छर्रे दुसरीकडे कुलपात. आणि कपाटाची किल्ली आईच्या नेहमीच्या जागी, फडताळातल्या डब्यात नको. ती जागा ईशाननं गेल्या खेपेलाच शोधून काढली आहे.

तुमची,
शुभदा