नोंदवही पोडापर्यंत यावी

‘नागरिक विज्ञाना’साठी, म्हणजे सामान्य लोकांनी निरीक्षणे नोंदवून संशोधनाला हातभार लावण्यासाठी, राष्ट्रीय धोरण हवे, अशी मागणी करणारा आपल्या अंकातील लेख वाचला. मागणी रास्तच आहे. पण त्या धोरणात खेड्यातला माणूस नुसता माहिती पुरवणारा ठरू नये. 2002च्या जैविक विविधता कायद्याने गावोगावी समिती नेमून, लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची आणि त्यांविषयीच्या लोकांच्या माहितीची वही, करायची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली आणि आमच्या गावची वही बाहेरच्या माणसांनी दोन दिवसांत भरून टाकली. पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, गुराख्याला कुणी काही विचारले नाही. कोणत्या मोहाची फुले आधी गळतात, उन्हाळ्यात नाल्याच्या कोणत्या डोहात पाणी टिकते, हे तो जागेवर नेऊन दाखवतो. सांगतो मात्र कोलामीतून, आणि पोडावर मोबाइलला रेंज नसते. अशा माणसाची नोंद त्याच्याच बोलीत, त्याच्या नावानिशी घ्यावी. जमलेल्या नोंदींतून काय निघाले, तेही ग्रामसभेत वाचून दाखवणे धोरणाने बंधनकारक करावे.

– एक शेतकरी वाचक, ता. केळापूर (जि. यवतमाळ)