एनएमएमएस सराव : रविवारी कागदपत्रंही बघायची आहेत

अभ्यासिकेतल्या सर्व ताई-दादांनो,

आठवीच्या एनएमएमएसचा (कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा) सराव येत्या रविवारी 8 ऐवजी 9 वाजता. बौद्धिक क्षमता चाचणीचे 90 प्रश्न 90 मिनिटांत, घड्याळ लावूनच घ्या. मुलं आकृत्यांच्या प्रश्नांवर अडून बसतात आणि शेवटचे दहा-बारा कोरे राहतात.

पालकांना साडेतीन लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला आणायला सांगा. गेल्या खेपेला एका मुलीच्या आधारवर ‘पूजा’ आणि पासबुकात ‘पुजा’ होतं. त्या एका उकारासाठी तिची आई तीन दिवस रोजंदारी बुडवून खेटे घालत होती. नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, तेव्हा स्पेलिंगसुद्धा आत्ताच बघा.

पेन्सिली कमी आहेत, कुणी आणेल का?