गडग्याआतली कबर

प्रिय बेटी,

परवा फोनवर तू विचारलंस, "अब्बा, एवढ्या उन्हात मस्जिद बंदरला काय करत होतात?" आणि मी विषय बदलला. फुफी, माझी आत्या, शेजारीच बसली होती. तिला हल्ली ऐकू येत नाही असं आपण म्हणतो, पण जे ऐकू जाऊ नये ते तिला बरोब्बर ऐकू जातं. म्हणून हे पत्र. व्हिडिओ कॉलवर यातलं अक्षरही काढू नकोस.

कबरस्तानातली चाफ्याखालची कबर तुला आठवत असेल. शब-ए-बरातला तू सब्जाची परडी घेऊन माझ्यासोबत यायचीस. फुफी गडग्याबाहेर, दगडी कुंपणाबाहेर, उभी राहून बोट दाखवायची, "ती नाही रे, पलीकडची, माझ्या बाबाची." आता तिला ८३ वर्षं झाली. बाप गेला तेव्हा ती चार महिन्यांची होती. आमच्या लहानपणी कबरीवर नाव घालायची पद्धतच नव्हती. मातीचा उंचवटा, डोक्याशी आणि पायाशी जांभ्याचा एकेक चिरा. तीन-चार पावसाळ्यांत माती बसते आणि मग कुणाची कबर कुठली, हे फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात राहतं. बाणकोटला आर्थर मॅलेट साहेबाची बायको आणि तान्ही मुलगी १८५३ साली सावित्रीच्या मुखाशी बुडाल्या, त्यांचं स्मारक तिथे आहे. महाबळेश्वरचं आर्थर सीट याच साहेबाच्या नावाचं, असं म्हणतात. ती होडी वल्हवणारे कोण होते, त्यांची नावं काही माझ्या वाचनात आली नाहीत.

निवृत्तीनंतर मी वंशावळ लिहायला घेतली. मला वाटलं, आठ दिवसांचं काम. घरात सांगत आले होते की माझे दादा, म्हणजे तुझे पणजोबा, बोटीवरून सुट्टीवर आले, तापाने फणफणले आणि घरातच गेले. मृत्यूची नोंद शोधली तर गावच्या रजिस्टरात नावच नाही. मग तहसीलमधून जुन्या फेरफाराची नक्कल काढली. घराण्याचा शोध घेणाऱ्याला कोकणात याहून चांगला कागद नाही. माणूस मेला की वारसांची नावं लागतात, आणि जमिनीचा तुकडा असला की तलाठी कुणाला विसरत नाही. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांनी ती ओळ वाचून दाखवली. १९४४ सालची वारस नोंद होती, आणि खातेदार "आगबोटीवर मयत".

मी ती नक्कल घडी घालून खिशात ठेवली आणि घरी आल्यावर फुफीला सांगितलं की साहेब भेटला नाही.

पुढचं सगळं मुंबईच्या दिशेने होतं. तेव्हाच्या मोठ्या कंपन्यांच्या बोटींवर डेकवरची माणसं बहुतेक आपल्या किनाऱ्याची नाहीतर गुजरातची, इंजिनात आगवाले म्हणून पंजाबी नि पठाण, आणि प्रवाशांच्या सेवेला सलूनमध्ये गोव्याचे. भरती सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या हातात. सारंग आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसं घ्यायचा, त्यांच्यावर टंडेल म्हणजे सारंगाचा दुय्यम, खाली साधे खलाशी. म्हणून एक बोट बुडाली की एकाच मोहल्ल्यातल्या तीन घरांत रडारड. शोधणाऱ्याला मात्र याचाच उपयोग होतो. एकटं नाव ओळखता येत नाही, पण शेजाऱ्यांसकट ओळखता येतं.

कारण नावांचे हाल काय सांगू! आडनाव नाही, फक्त स्वतःचं नाव आणि बापाचं, तेही इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं. इब्राहिमचा इब्राम होतो, हुसेनचा ऊसन. जिल्हा रत्नागिरी म्हणावा तर सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत त्यातच होता, म्हणजे मालवणचा माणूसही रत्नागिरीचाच. आणि खाडीपलीकडचा श्रीवर्धनचा असेल तर तो हबसाणातला, जंजिरा संस्थानचा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी नि नावं राखणाऱ्या संस्थेची, यादी घरबसल्या फुकट बघता येते. तिच्यात दादांचं नाव मी अकरा प्रकारे टाकून पाहिलं. मग नाव सोडलं, स्मारक आणि तारखा धरल्या, आणि शेजारच्या दोन घरांतली माणसं आधी सापडली. दादा त्यांच्याच खाली होते, नावात एक अक्षर जास्तीचं घेऊन.

बोट तिलावा. २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून मोंबासा, डर्बनकडे निघाली. २३ तारखेच्या पहाटे, अंधारातच, जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. बोट लगेच बुडाली नाही, म्हणून होड्यांत उतरलेले काहीजण परत वर चढले, आणि मग दुसरा टॉर्पेडो बसला. साडेनऊशेच्या वर माणसं होती, २८० गेली. बर्मिंगहॅम नावाच्या युद्धनौकेने वाचलेल्यांना उचलून २७ तारखेला मुंबईत आणलं. त्या दिवशी धक्क्यावर आपल्या गावचं कुणी होतं का, हे आता विचारायलाही कुणी उरलं नाही.

मस्जिद बंदरला सेलर्स होममध्ये त्या युद्धातल्या खलाशांचं नोंदपुस्तक आहे. दुसरी प्रत चितगावला. नेव्ही आणि व्यापारी बोटी मिळून जवळजवळ ६,५०० नावं, ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही. पहिल्या युद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारकही तिथेच. दादांच्या नावावर मी बोट ठेवलं. फातिहा पढावा की नुसतं बसावं, कळेना. शेवटी उभ्याउभ्याच पढलो.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. तिलावावर चांदीच्या २,३६४ विटा होत्या, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारसाठी निघालेल्या. २०१७ साली एका कंपनीने अडीच किलोमीटर खोल पाण्यातून त्या वर काढल्या. मालकी कुणाची, यावरून भांडण तुमच्या तिकडच्या, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२४ साली निकाल लागला. वीट न् वीट मोजलेली. माणसांच्या यादीत स्पेलिंगसुद्धा धड नाही. असो, मी मास्तर आहे, मला स्पेलिंगचाच राग यायचा.

आता त्या कबरीचं. मोहल्ल्यातले सर्वांत म्हातारे चाचा नव्वदीपुढचे आहेत. त्यांना एकट्याला गाठून विचारलं. बराच वेळ ते जांभ्याच्या पायरीवर काठी आपटत राहिले. मग म्हणाले, तिलावाच्या पुढच्या पावसाळ्यात खाडीत एक प्रेत लागलं होतं. कुठल्या गलबतावरचं, कोण जाणे. ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. गावाने नमाज पढून त्याला चाफ्याखाली पुरलं. दादांची गायबाना नमाज, म्हणजे प्रेत समोर नसताना पढायची, आधीच झाली होती, आपल्या शाफई पंथात ती चालते. पण दादीला ती पुरली नाही. त्या कबरीवर पहिली ओंजळ सब्जा तिनेच पाठवला, आणि दरवर्षी पाठवत राहिली. कुणी टोकलं नाही. चाचा म्हणाले, "कोण टोकणार? त्या माणसाला तरी कोण होतं?"

हे सगळं खरंच असं घडलं का, मला माहीत नाही. चाचांना कालचं आठवत नाही आणि १९४३ चं आठवतं. पण तापाची गोष्ट कुठून आली ते मला आता समजतं. पोरीला सांगण्यासारखं घरातलं मरण हवं होतं, ते दादीने तयार केलं. मग ८० वर्षं आपण एका परक्या खलाशाची कबर राखली. त्याच्याही घरी कुणी वंशावळ लिहीत असेल आणि एका नावापाशी अडलं असेल.

फुफीला मी काही सांगणार नाही. तुझे चाचा, माझा भाऊ, म्हणतात, सांगायला हवं, खरं ते खरं. त्याला म्हटलं, तू सांग. तो गप्प बसला.

तुझ्याकडे एकच काम आहे. लंडनला क्यू नावाच्या भागात नॅशनल आर्काइव्ह्ज आहे, तिथे युद्धकाळातल्या बोटींचे करारपट आणि खलाशांच्या याद्या ठेवल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी जाऊन तिलावाचे कागद निघतात का बघ. दादी म्हणायची, दादा पत्रं स्वतःच्या हाताने लिहायचे. मोहल्ल्यातले म्हातारे चाचा म्हणतात, सारंगाकडून लिहून घ्यायचे. पत्रं वाळवीने खाल्ली. करारावर त्यांच्या नावापुढे सही आहे की अंगठा, ते कळव. फुफीने आयुष्यभर बाबाचं अक्षर कसं होतं म्हणून विचारलं आहे. सही निघाली तर फोटो मोठा करून पाठव, तिला आता बारीक दिसत नाही.

तुझे,
अब्बा