कृष्णाकाठच्या प्रदूषित जमिनींसाठी तीन जिल्ह्यांची एकच यंत्रणा हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. घातक रसायने मुरलेल्या जमिनी शोधायच्या कोणी, तपासायच्या कोणी आणि शुद्धीकरणाचा खर्च सोसायचा कोणी, हे त्यात नेमून दिले आहे. संशयित जागांची माहिती स्थानिक व जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची, प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा आणि तो सापडतच नसेल किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र व राज्याने भार उचलायचा, अशी ही रचना आहे. नियमांचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र त्यांत प्रत्येक जागेचा सुटा विचार आहे आणि कृष्णा खोऱ्यात तेवढ्याने भागणार नाही. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांनी या कामासाठी मिळून एकच यंत्रणा उभी करावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कृष्णेला कराडला कोयना मिळते, हरिपूरला वारणा, नृसिंहवाडीला पंचगंगा, आणि मग ती कर्नाटकात जाते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी हे खोरे एकच असल्याचे आपल्याला पुन्हा पुन्हा दाखवले. वरच्या अंगाला उघड्यावर टाकलेले जे काही पुराच्या पाण्यात मिसळते, ते गाळाबरोबर खालच्या गावांच्या रानात येऊन बसते. तरीही साताऱ्याचे प्रदूषण मंडळाचे कार्यालय पुणे प्रादेशिक विभागात आणि सांगलीचे कोल्हापूर विभागात, अशी आजची विभागणी आहे. कराड तालुक्यातील नमुना एका विभागाच्या फायलीत आणि त्याच नदीवरचा वाळवा तालुक्यातील नमुना दुसऱ्या विभागाच्या फायलीत राहिला, तर दोन्हींचा मेळ घालणार कोण?

जमिनीतील विष डोळ्यांना सहसा दिसत नाही, म्हणून ते मागे पडते. आमच्याकडील एका औद्योगिक वसाहतीत धातूंवर मुलामा देणारी एक लहान शेड कित्येक वर्षांपासून बंद आहे. यंत्रे भंगारात गेली, मालक निघून गेला, पण मागच्या बाजूला पावसाळ्यात साचणारे डबके अजूनही पिवळसर दिसते आणि त्याच्या कडेला गवत उगवत नाही. अशा कामात वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम पाण्याबरोबर सहज झिरपते आणि ते कर्करोगकारक आहे. त्या डबक्यापासून हाकेच्या अंतरावर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांची मुले खेळतात. त्या जागेवर साधा सूचना फलकही नाही. मद्यार्क प्रकल्पांचा प्रश्न आकाराने मोठा आहे. एक लिटर मद्यार्कामागे साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश (मद्यार्क काढून उरलेले दूषित पाणी) निघतो आणि जुन्या, तळाला अस्तर नसलेल्या खड्ड्यांतून तो मुरला की आजूबाजूच्या विहिरींचे पाणी चहासारखे तांबूस होते.

एकत्र येऊन जमीन सुधारणे आपल्या भागाला नवीन नाही. क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाईप टाकायचे तर एकट्या शेतकऱ्याला ते जमत नाही, कारण निचऱ्याची मुख्य वाहिनी शेजाऱ्यांच्या रानातूनच ओढ्यापर्यंत न्यावी लागते. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले आणि पडीक झालेल्या रानांत पुन्हा ऊस उभा राहिला. रासायनिक प्रदूषण क्षारांपेक्षा किचकट आहे, हे मान्य. पण शेजाऱ्याच्या संमतीवाचून माझी जमीन सुधारत नाही, हे सूत्र दोन्हीकडे लागू पडते. जर्मनीच्या रुहर भागात १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत एम्शर नदीकाठची सतरा शहरे एका कार्यक्रमाखाली आली आणि बंद पडलेल्या खाणी व पोलाद कारखान्यांच्या जागांवर उद्याने, कार्यालये आणि घरे उभी राहिली. एकेका शहराला हे स्वतंत्रपणे पेलले नसते.

आपल्याकडील नगरपरिषदांचीही तीच अडचण आहे. मातीचे खोलवरचे नमुने घेणे, भूजलाचा प्रवाह कोणत्या दिशेला आहे ते शोधणे, उकरलेली घातक माती रांजणगावच्या (जि. पुणे) घातक कचऱ्याच्या प्रकल्पापर्यंत पोचवणे, यांपैकी एकाही कामासाठी लहान नगरपरिषदेकडे तज्ज्ञ नाहीत आणि पैसाही नाही. वसुलीचे काम तर त्याहून बिकट आहे. राजस्थानातील बिछडी गावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी असा निकाल दिला, तरी कंपन्यांनी अर्जांमागून अर्ज करून तो लांबवला आणि २०११ मध्ये न्यायालयाला त्यांच्यावर चक्रवाढ व्याज लावावे लागले. एवढी वर्षे कायद्याची लढाई चालवण्याचे बळ एखाद्या ग्रामपंचायतीत कोठून येणार?

तिन्ही जिल्हे पुणे महसूल विभागातच येत असल्याने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही, असे मला वाटते. तिन्ही जिल्हा नियोजन समित्यांनी आपल्या निधीतून ठरावीक हिस्सा द्यावा आणि सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांना तपासणीत सामील करून घ्यावे. तपासणीत प्रदूषित ठरलेल्या जमिनीची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, म्हणजे अजाण खरेदीदार फसणार नाही. शुद्ध झालेल्या जागेवर काय उभारायचे, हेही त्या जागेची माती किती स्वच्छ झाली त्यावर ठरावे: जेथे गोदाम चालेल, तेथे शाळा चालेलच असे नाही. नव्या उद्योगांसाठी बागायती जमीन संपादित करण्याआधी औद्योगिक वसाहतींतील अशा पडून असलेल्या जागांचा विचार करणे बंधनकारक झाले, तर शेतकऱ्यांचा या कामाला पाठिंबाच मिळेल.

पालकमंत्र्यांनी व तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी संशयित जागांची पहिली एकत्रित यादी येत्या पावसाळ्यापूर्वी तयार करून प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीच्या व नगरपरिषदेच्या फलकावर मराठीत लावावी, अशी आपल्या दैनिकामार्फत माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, मिरज (जि. सांगली)