भाजलेल्यांसाठी यादीत काय आहे?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

जिल्हा नियोजनाच्या निधीतून सरकारी दवाखान्यांसाठी यंत्रे घेण्याची बातमी आपल्या अंकात वाचली. एक्स-रे आहे, सोनोग्राफी आहे. भाजलेल्यांसाठी काही नाही.

करंज्या तळताना माझ्या भाचसुनेच्या हातावर कढईतले तेल सांडले. डॉक्टरांनी पट्टी केली आणि म्हणाले, "खोल आहे की वरवरचं, ते आठ-दहा दिवसांनी कळेल." त्यांना बोल लावत नाही. वरवरची जखम दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरते, खोल जखमेवर दुसरीकडची कातडी काढून लावावी लागते. आणि नुसत्या डोळ्यांनी हा फरक ओळखताना अनुभवी सर्जनही चारातल्या एखाद्या वेळी तरी चुकतो. दरम्यान कापूस वेचणीचा हंगाम आणि हात मात्र गळ्यात.

वरवरच्या जखमेत कातडीखालचे रक्त वाहते राहते, खोल जखमेत ते मंदावते. हे रक्त वाहते आहे की नाही, हे लेझर दाखवतो. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक. लेझर पेन पुस्तकांच्या चळतीवर ठेवून वर्गात भिंतीवर प्रकाश पाडायचो, त्यात बारीक स्थिर दाणे दिसत. तोच प्रकाश कपातल्या दुधावर टाकला की दाणे पुसट होत, कारण दुधातले कण हलत असतात. कातडीखाली रक्तपेशी हेच करतात. कॅमेऱ्यात दाणे जिथे जास्त पुसट, तिथे प्रवाह जास्त. फर्चर आणि ब्रायर्स या शास्त्रज्ञांनी ही युक्ती १९८१ मध्ये मांडली. हलत्या पेशींवरून परतलेल्या प्रकाशाची वारंवारिता किंचित बदलते, त्यावर चालणारी डॉप्लर पद्धत त्याहून जुनी. भाजलेल्या जखमांसाठी मुख्यतः तीच वापरतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला उपचार-उपकरणांबाबत सल्ला देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०११ मध्ये तिची शिफारस केली. जखमेला हात न लावता रंगीत नकाशा मिळतो: लाल भागात रक्त भरपूर, निळ्यात कमी. भाजल्यापासून ४८ तास ते पाच दिवसांत तपासणी केली तर अंदाज सर्वांत भरवशाचा.

हे सांगितले तर शेजारची आजी म्हणाली, "आधीच भाजली पोरगी, तिले लेझरनं अजून जाळता काऊन जी?" शंका रास्त आहे. पण हा लेझर अगदी कमी शक्तीचा असतो, शस्त्रक्रियेतला नव्हे. अडचणी वेगळ्याच आहेत. लेकरू हलले की चित्र बिघडते. गोंदण, जुना व्रण, जंतुसंसर्ग किंवा अंगात रक्त कमी असेल तर निष्कर्ष फसू शकतो, आणि आपल्याकडे या गोष्टी काही विरळ नाहीत. आपल्याकडे लावतात ती हळद, टूथपेस्ट आधी धुऊन काढावी लागेल.

यंत्र महागडे आहे, प्रत्येक तालुक्याला मागणे वेडेपणा ठरेल. पण किमान अमरावती विभागात एक असावे, आणि ४८ तास उलटले की रुग्णाला तिथे नेण्याची गाडी ठरलेली असावी. यादी पक्की करण्याआधी समितीने भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या एखाद्या सर्जनला बोलावून विचारावे, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ